उलटा ढाळ

मी सिव्हिल इंजिनिअर, पण गेली काही वर्षं स्वतः बांधण्यापेक्षा दुसऱ्यांनी बांधलेलं तपासण्याचंच काम जास्त करते. मी दारात दिसले की कॉन्ट्रॅक्टरचा चेहरा पडतो आणि घरमालकाला वाटतं, आता भांडण जिंकलं. दोघांचाही गैरसमज.

बाईंचं (निवृत्त शिक्षिका, सगळे त्यांना बाईच म्हणतात) बाथरूम नवं करून चारच महिने झाले होते. मागच्या खोलीच्या भिंतीला जमिनीपासून हातभर ओल चढलेली, रंगाचे पोपडे गळत होते. कॉन्ट्रॅक्टरनं दोनदा येऊन लाद्यांच्या सांध्यांत ग्राउट भरलं. तिसऱ्यांदा फोनच उचलेना. बाईंनी एक शहाणपणा केला होता, शेवटचा हप्ता अजून दिला नव्हता. मी त्यांच्याकडून एक साधा मेसेज पाठवून घेतला: दोष काय, कधीपासून, आणि आठ दिवसांत दुरुस्त झाला नाही तर दुसऱ्याकडून करून घेऊन खर्च हप्त्यातून वळता करू. तासाभरात उत्तर आलं, परवा येतो.

तो यायच्या आदल्या दिवशी मी सगळे नळ बंद करून तासभर मीटरचा काटा बघत बसले. हलला नाही. म्हणजे दाबाखालची पाइपलाइन शाबूत. मग नहाणी ट्रॅपला, म्हणजे जमिनीतल्या पाणी जायच्या तोंडाला, बोळा मारला, उंबऱ्याला मातीचा बांध घातला, दोन इंच पाणी भरलं आणि भिंतीवर पेन्सिलनं रेघ ओढली. शेजारी पाण्याची एक बादली ठेवली, तिलाही आतून रेघ.

चोवीस तासांनी कॉन्ट्रॅक्टर मिस्त्रीला घेऊन आला, तेव्हा जमिनीवरचं पाणी रेघेच्या अर्धा इंच खाली गेलं होतं.

"उडालं असेल मॅडम, हवा कोरडी आहे."

मी बादलीकडे बोट दाखवलं. तिथलं पाणी रेघेला जवळजवळ चिकटलेलं. तो बादलीकडे इतका वेळ बघत राहिला, जणू तिनंच दगा दिला.

पाणी काढल्यावर मिस्त्री उकिडवा बसला आणि नाण्यानं लाद्या वाजवू लागला. टक, टक, टक, आणि कोपऱ्यातल्या ओळीला भद, म्हणजे खाली पोकळ. त्याच ओळीवर मी स्पिरिट लेव्हल ठेवली. मीटरभरात निदान सेंटिमीटरभर तरी ढाळ ट्रॅपकडे हवा; इथे तो भिंतीकडे होता. म्हणजे पाणी कोपऱ्यात साचणार. पण नुसतं साचून ते पलीकडे जात नाही, लाद्यांखालचा वॉटरप्रूफिंगचा थर कुठेतरी फाटलेला असावा लागतो.

"वॉटरप्रूफिंग मी नीट केलं होतं," मिस्त्री मान वर न करता म्हणाला. "नंतर प्लंबरनं छन्नी मारली."

कॉन्ट्रॅक्टर त्याच्यावर डोळे वटारतोय तोवर बाईंनी मोबाइल काढला. रोज संध्याकाळी कामाचा फोटो काढायची त्यांची सवय. राखाडी थर, आणि त्यातून आडवी गेलेली ताजी खाच, तिच्यात नवा पाइप. दुसऱ्या दिवशीच्या फोटोत त्यावर लाद्या. मधे कुणी खाच बुजवून थर पुन्हा दिला नव्हता. दोष एकट्या प्लंबरचा म्हणवत नाही मला. त्याच्यानंतर बघायचं कुणी, हे कुणी ठरवलंच नव्हतं, आणि ते ठरवायचं काम कॉन्ट्रॅक्टरचं.

"कोपऱ्यातल्या चार लाद्या काढून देतो," तो म्हणाला. मी नाही म्हटलं. ठिगळ लावलं तरी उलटा ढाळ तसाच राहणार. अर्धा तास घासाघीस झाली. मग बाईंनी वहीचं पान फाडलं आणि सुवाच्य अक्षरात लिहिलं: पूर्ण जमीन उकलायची, थर भिंतीवर फूटभर चढवायचा, लादी बसवण्याआधी पुन्हा पाणी भरून बघायचं, मगच हप्ता. त्यानं सही केली.

मिस्त्री दारात घुटमळत होता. "मॅडम, फुटेल ते माझंच काम. त्याची मजुरी?"

कॉन्ट्रॅक्टर जिन्याकडे वळला होता. बाईंनी त्याला परत बोलावलं, पानावर आणखी एक ओळ लिहिली आणि तिच्याखालीही सही घेतली.