ताईची तीन सेलची बॅटरी

१० जुलै २०२४ ला सकाळी सव्वासातच्या सुमारास आमच्या नांदेडच्या घरात मांडणीवरची भांडी खडखडली. कपातला चहा बशीत सांडला. शेजारपाजारचे सगळे बनियनवरच रस्त्यावर आले. थोड्या वेळानं कळलं की धक्का ४.५ चा होता आणि केंद्र हिंगोली जिल्ह्यात, कळमनुरीकडं. मार्चच्या २१ तारखेलाही पहाटे असाच बसला होता.

दहा मिनिटांत ताईचा फोन. माझं कसं काय, घराचं कसं काय, काही नाही. पहिलाच प्रश्न: "भाऊ, तारापूरला हललं का रं?"

हिंगोली कुठं, तारापूर कुठं. पण ताईचं लेकरू तारापूरच्या अणुवीज केंद्रात पाळीवर असतं, तिसऱ्या-चौथ्या संचाकडं. २०१८ च्या नोव्हेंबरपासून तिकडं डहाणू-तलासरी भागात लहान लहान धक्क्यांची मालिका चालू झाली, तेव्हापासून जमीन कुठंही हलली की ताई मला फोन करते. मी परळीच्या औष्णिक केंद्रात एकतीस वर्षं ऑपरेटर होतो, म्हणून तिला वाटतं मला सगळं ठाऊक आहे. अणुवीज माझा विषय नव्हे. पण जपानात फुकुशिमाच्या अणुवीज केंद्राचा अपघात झाला तेव्हापासून जे मिळेल ते वाचत आलोय, कारण कंट्रोल रूममधल्या माणसाच्या पोटात काय कालवतं ते मला कळतं. ताईला फोनवर तुकड्यातुकड्यांत सांगतो, ते आज एकदा सलग लिहून काढतो. तिची सून वाचून दाखवील.

आधी बॅटरीचं सांगतो. आमच्याकडं टॉर्चला बॅटरीच म्हणतात.

३० सप्टेंबर १९९३. ताईचं सासर औसा तालुक्यात, किल्लारीपासून फार लांब नाही. आदल्या दिवशी गणपती उठले होते. पहाटे चारला चार मिनिटं कमी असताना जमीन हलली. दगड-मातीच्या दोन-दोन, तीन-तीन फूट रुंद भिंती आणि वर माळवदाची माती. दाजी शेतात राखणीला होते, म्हणून वाचले. ते पळत आले तेव्हा गल्ली कुठली, घर कुठलं काही ओळखू येत नव्हतं. हातात तीन सेलची बॅटरी, पण सेल उतरलेले. पिवळा गोल ठिपका तेवढा पडायचा. ढिगाऱ्याखालून ताईचा आवाज येत होता आणि तिच्या कुशीतल्या तीन वर्षांच्या लेकीचा रडण्याचा. दाजींनी हातानं दगड काढायला सुरुवात केली आणि थोड्याच वेळात तो ठिपकाही गेला. आवाज कुठून येतो ते अंधारात समजेना. एका बाजूचा दगड काढावा तर दुसऱ्या बाजूची माती आत सरकायची. शेवटी उजाडायची वाट पाहावी लागली. ताई निघाली. लेक नाही निघाली.

मी दहाच्या सुमारास सोबत्याच्या मोटारसायकलवर पोचलो. दाजींच्या मुठीत ती बॅटरी तशीच होती, नखं फुटून रक्त वाळलेलं. ताई आजही म्हणते, सेल नवे असते तर. मी त्यावर कधी काही बोललो नाही.

तर ११ मार्च २०११. जपानच्या वेळेनं दुपारी २ वाजून ४६ मिनिटं. समुद्राखाली ९ चा धक्का. फुकुशिमा दाईची केंद्रात सहा संच, त्यातले पहिले तीन चालू होते. तिन्ही आपोआप ट्रिप झाले, म्हणजे बंद पडले, नियंत्रण कांड्या आत गेल्या, साखळी प्रक्रिया थांबली. म्हणजे भूकंपानं जे व्हायला हवं होतं तेच झालं. बाहेरून येणारी वीज गेली, तर डिझेल जनरेटर चालू झाले. इथपर्यंत कुठल्याही ऑपरेटरला हायसं वाटलं असतं.

पण ट्रिप झालं म्हणजे थांबलं असं नसतं. आमच्याकडंही नसायचं. मिनिटाला तीन हजार फेऱ्यांनी फिरणारं टर्बाइन ट्रिप झाल्यावरही बराच वेळ फिरत राहतं, आणि तेवढा वेळ बेअरिंगला तेल मिळालं नाही तर शाफ्ट जातो. म्हणून शेवटचा तेलाचा पंप डीसीवर, म्हणजे बॅटरी रूममधल्या बॅटऱ्यांवर चालतो. मी नोकरीला लागलो तेव्हा माझ्या वरिष्ठांनी आधी बॅटरी रूम दाखवली होती, टर्बाइन नंतर.

अणुभट्टीचं याहून कठीण. ताई, गुऱ्हाळात चुलवणाचा जाळ ओढून घेतला तरी काहील रटरटतच असते ना, तसं समज. फरक एवढाच की चुलवणातले निखारे विझत जातात, इथं इंधनाच्या आतूनच नवी उष्णता निघत राहते. बंद केल्या क्षणी पूर्ण उष्णतेच्या सहा-सात टक्के. एका दिवसानंतरही अर्धा टक्का. फुकुशिमाचा पहिला संच ४६० मेगावॅट विजेचा, उष्णता १३८० मेगावॅट. त्याचे सहा-सात टक्के म्हणजे नव्वदच्या आसपास. परळीचे सगळ्यात पहिले दोन संच तीस-तीस मेगावॅटचे होते. उष्णतेचे आणि विजेचे मेगावॅट सारखे नसतात, पण "बंद" असलेल्या भट्टीत किती धग असते याचा अंदाज यावा. तिच्यावर पाणी फिरत राहिलंच पाहिजे. आणि पाणी फिरवायला वीज पाहिजे.

पन्नासेक मिनिटांनी लाट आली. केंद्राची जमीन समुद्रापासून १० मीटर उंच, लाट १४-१५ मीटर. डिझेल जनरेटर बहुतेक तळघरात. पाणी भरलं, जनरेटर गेले, बॅटऱ्याही बुडाल्या. पहिल्या-दुसऱ्या संचाच्या कंट्रोल रूममध्ये पॅनलवरचा एकेक दिवा विझत गेला आणि अंधार झाला.

हे वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून ठेवलं होतं. पॅनल काळं पडणं म्हणजे काय हे बाहेरच्या माणसाला सांगणं अवघड आहे. भट्टीत पाणी किती आहे, दाब किती आहे, पंप चालतोय की नाही, काहीच कळत नाही. भट्टी तिथंच आहे, तापते आहे, आणि तुम्ही तिच्यासमोर आंधळे उभे. त्या माणसांनी मग काय केलं? आवारातल्या गाड्यांच्या बॅटऱ्या काढल्या. कामगारांच्या स्वतःच्या गाड्यांच्या, बसच्या. त्या उचलून आत आणल्या, पॅनलच्या मागं वायरी जोडल्या आणि हातातल्या टॉर्चच्या उजेडात पाण्याच्या पातळीचा काटा वाचला. बारा व्होल्टची एकेक बॅटरी एकीला एक जोडत. इतक्या मोठ्या केंद्राची नजर त्या रात्री मोटारीच्या बॅटऱ्यांवर टिकून होती. दाजींच्या हातातला तो पिवळा ठिपका मला त्या वेळी दिसला, खोटं नाही सांगत.

त्याच संध्याकाळची आणखी एक गोष्ट माझ्या मनातून जात नाही. धक्क्यानंतर दोन तरुण ऑपरेटर चौथ्या संचाच्या तळघरात पाहणीला गेले होते. एक २१ वर्षांचा, एक २४. ट्रिपनंतर राउंड मारायचा, गळती बघायची, हे आम्हीही शेकडो वेळा केलंय. लाट तिथंच आली. ते मार्चच्या शेवटी सापडले.

मग दाबाचा प्रश्न. पहिल्या संचात वाफेचा दाब इतका चढला की वाफ बाहेर सोडल्याशिवाय गत्यंतर नव्हतं. व्हॉल्व्ह एरवी बटणावर उघडतात, आता वीज नाही म्हणजे हातानं. आत किरणोत्सार. माणसं निवडताना तरुणांना वगळलं, वयस्कांनी नावं दिली. आणि तरी त्यांना थांबावं लागलं, कारण शेजारच्या ओकुमा गावातली माणसं निघाली की नाही याची खात्री व्हायची होती. १२ मार्चला सकाळी नऊनंतर पहिली जोडी आत गेली, एक व्हॉल्व्ह हातानं पाव भाग उघडून आली. दुसऱ्या जोडीला वाटेतूनच परतावं लागलं, किरणोत्साराची मात्रा फार होती. त्याच दुपारी ३ वाजून ३६ मिनिटांनी पहिल्या संचाच्या इमारतीचं छत हायड्रोजनच्या स्फोटानं उडालं. १४ तारखेला तिसऱ्याचं, १५ ला चौथ्याचं.

आणि पाणी! समोर अख्खा समुद्र आणि भट्टीत घालायला पाणी नाही. परळीच्या माणसाला हे वेगळं समजवावं लागत नाही. २०१३ साली खडका धरण आटलं तेव्हा पाण्यावाचून केंद्र बंद राहिलं, कोळसा होता, माणसं होती, यंत्रं होती. फुकुशिमात अग्निशमन गाडीनं आधी गोडं पाणी घातलं. ते संपलं तेव्हा तिसऱ्या संचासमोरच्या एका खड्ड्यात लाटेचं खारं पाणी साठलं होतं, तेच उपसून घातलं. ते थांबवा असं वरून सांगण्यात आलं, पण केंद्राचे प्रमुख मासाओ योशिदा यांनी थांबवलं नाही. मला विचाराल तर त्या सगळ्या दिवसांतला सर्वांत शहाणा निर्णय तो.

पण ती गाडी तिथं होती कशी, हे ताईला मी मुद्दाम सांगतो. १६ जुलै २००७ ला जपानच्याच काशिवाझाकी-कारिवा केंद्राला भूकंपाचा तडाखा बसला होता. ट्रान्सफॉर्मरला आग लागली, जमीन खचून आगीच्या पाण्याचे पाइप तुटले. आणीबाणीच्या खोलीचं दार धक्क्यानं असं अडकलं की उघडेचना, आणि अग्निशमन दलाचा थेट फोन त्या खोलीत! त्यातून शिकून अग्निशमन गाड्या ठेवल्या गेल्या आणि भूकंपाचे हादरे झेलणारी वेगळी इमारत बांधली गेली. फुकुशिमातली ती इमारत जुलै २०१० ला पूर्ण झाली. आठ महिन्यांनी योशिदांनी तिथूनच सगळं सांभाळलं. ती नसती तर ती माणसं बसली कुठं असती?

सहाव्या संचाचा एक जनरेटर हवेनं थंड होणारा होता, तो वाचला, आणि त्या एकावर पाचवा-सहावा दोन्ही तगले. ओनागावा केंद्र तर भूकंपाच्या केंद्राला फुकुशिमापेक्षा जवळ, पण बांधतानाच जागा उंच धरलेली, बाहेरच्या विजेची एक लाइनही शाबूत राहिलेली. केंद्र सुखरूप बंद झालं आणि घरं वाहून गेलेली आसपासची शेकडो माणसं केंद्राच्याच आवारात राहायला आली. दाईचीच्या शेजारच्या फुकुशिमा दाइनी केंद्रात दोनशे माणसांनी खांद्यावरून नऊ किलोमीटर केबल ओढून पंप चालू केले. माझ्या मते धक्क्यानंतर माणूस जे करू शकतो त्याचा मोठा हिस्सा धक्क्याच्या आधीच ठरलेला असतो. जनरेटर तळघरात की माळ्यावर, हे कुणीतरी वीस-तीस वर्षांपूर्वी कागदावर रेघ मारून ठरवलेलं असतं.

"आपल्याकडचं सांग," असं ताई म्हणते. तर ऐक. उत्तर प्रदेशात नरोरा म्हणून केंद्र आहे. ३१ मार्च १९९३, म्हणजे आपल्या भूकंपाच्या सहा महिने आधी, तीही पहाटच. टर्बाइनचं पातं तुटलं, आग लागली, केबली जळाल्या आणि सतरा तास केंद्रात वीज नव्हती. आपल्याच ऑपरेटरांनी डिझेलवर चालणाऱ्या आगीच्या पंपानं बॉयलरांमध्ये पाणी घातलं, आणि काही जण धुरात, बॅटऱ्या हातात घेऊन, भट्टीच्या इमारतीत वर चढले आणि साखळी प्रक्रिया रोखून धरणाऱ्या बोरॉनचे व्हॉल्व्ह हातानं उघडले. किरणोत्सार बाहेर आला नाही. लेकराचा तारापूरचा संच त्याच जातीचा, फक्त मोठा, ५४० मेगावॅटचा. त्यात पंप बंद पडले तरी गरम पाणी वर आणि थंड खाली असं आपोआप फिरतं, बॉयलरला पाणी मिळालं म्हणजे झालं. फुकुशिमानंतर बाहेरून पाणी जोडायची तोंडंही आपल्या केंद्रांना बसवली. २००४ च्या त्सुनामीत कल्पाक्कमच्या पंप हाउसात समुद्र शिरला तेव्हा चालू असलेला संच नीट बंद झाला, आठवड्याभरात पुन्हा सुरूही झाला.

माझी काळजी आतल्यांपेक्षा बाहेरच्या गावांची जास्त आहे. केंद्राभोवती १६ किलोमीटरपर्यंतच्या गावांचं नियोजन असतं, कुणाला कुठं न्यायचं, आयोडीनच्या गोळ्या कधी द्यायच्या, आणि ते सगळं जिल्हाधिकाऱ्यांच्या हाताखाली चालतं. फुकुशिमाजवळच्या एका रुग्णालयातून अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्यांना घाईघाईत बसमध्ये घालून तासन् तास फिरवलं, त्यात चाळीस-पन्नास जीव गेले. किरणोत्सारानं नव्हे, हलवण्यानं. १९९३ ला आमच्याकडंही बाजेवरच्या माणसाला उचलायचं कुणी, हे कुणी ठरवलेलं नव्हतं. गावकऱ्यांना वर्षातून एकदा तरी खरोखर चालवून बघायला हवं, नुसती पत्रकं वाटून भागत नाही.

भाच्याला नोकरी लागली तेव्हा ताईनं त्याच्या पेटीत शेंगदाण्याचे लाडू, काळ्या मसाल्याचा डबा आणि एक बॅटरी ठेवली होती. दाजींची नव्हे, ती अजून देव्हाऱ्याच्या शेजारी असते. नवी, पण तीन सेलचीच. तो म्हणाला होता, "आई, तिथं सगळं असतं गं." तिनं ऐकलं नाही.

परवा हे लिहायला घेतलं तेव्हा त्याला फोन केला. म्हटलं, ती बॅटरी आहे का रे अजून?

"हाय की मामा. उशापाशीच असते. एक तारखेला सेल बदलतो."

ताईला कळवलं. फोनवर थोडा वेळ काही आवाज आला नाही. मग म्हणाली, "मीबी एक तारखेलाच बदलते."