शाओशिंगमधलं लू शुन यांचं घर: कुठे वेळ घालवावा, कुठे नाही

आधुनिक चिनी गद्याचा पाया घालणारे लेखक लू शुन २५ सप्टेंबर १८८१ रोजी चीनच्या झेजियांग प्रांतातल्या शाओशिंगमध्ये जन्मले आणि १८९८ साली नानजिंगला शिकायला जाईपर्यंत इथेच वाढले. त्यांचं घर, पूर्वजांचा वाडा, परसबाग आणि शाळा एकाच दगडी फरसबंदीच्या रस्त्यालगत आहे. शांघाय किंवा हांगझोऊहून सकाळी निघून संध्याकाळी परत येता येतं.

आधी कागदपत्रं. भारतीय पासपोर्टवर व्हिसा लागतोच. २४० तासांच्या बिनव्हिसा ट्रान्झिटबद्दल नेटवर खूप लिहिलं जातं, पण त्या देशांच्या यादीत भारत नाही. रेल्वेचं तिकीट पासपोर्टला जोडलेलं असतं आणि मराठी माणसाचा घोटाळा इथेच होतो. आपल्या पासपोर्टवर 'गिव्हन नेम'च्या रकान्यात बहुधा स्वतःच्या नावापुढे वडिलांचं किंवा नवऱ्याचंही नाव असतं. बुकिंग करताना ते गाळलं, तर नाव जुळत नाही. पासपोर्टावर आहे तसंच पूर्ण नाव भरा. स्टेशनवरच्या स्वयंचलित फाटकाने पासपोर्ट वाचला नाही, तर कडेला माणूस बसलेली रांग असते, तिकडे जा.

स्टेशन निवडताना 'शाओशिंग नॉर्थ' आणि 'शाओशिंग' यांत गल्लत करू नका. नॉर्थला गाड्या जास्त, पण ते जुन्या शहरापासून बरंच लांब आहे. नुसतं 'शाओशिंग' मिळालं तर उत्तम. हांगझोऊला मुक्काम असेल तर रेल्वेच्या भानगडीत पडूच नका. तिथली मेट्रो लाइन ५ गुन्यांगच्याव स्थानकात शाओशिंगच्या लाइन १ ला मिळते आणि त्या लाइनवर 'लू शुन गूली' (म्हणजे लू शुन यांचं मूळ गाव) नावाचंच स्थानक आहे. वेळ जास्त लागतो, पण पासपोर्ट काढावा लागत नाही.

गूगल मॅप्स चीनमध्ये बंद, आणि चालवलं तरी खूण काहीशे मीटर सरकलेली दिसते, कारण तिथल्या नकाशांची मोजणी मुद्दाम वेगळी ठेवलेली आहे. आमॅप हे चिनी नकाशांचं अ‍ॅप वापरा आणि ठिकाणाचं नाव चिनी लिपीत फोनमध्ये आधीच साठवून ठेवा. पैशांसाठी अलीपे या फोनवरून पैसे देण्याच्या चिनी अ‍ॅपला व्हिसा किंवा मास्टरकार्ड घरूनच जोडून घ्या. ओटीपी भारतातल्या नंबरवर येतो, तिथे पोचल्यावर ते जोडत बसणं म्हणजे डोकेदुखी. २०० युआनपर्यंतच्या व्यवहाराला जादा आकार नाही, त्यावर ३ टक्के.

प्रवेश फुकट आहे, पण मूळ पासपोर्ट जवळ हवा. नोंदणीची पद्धत अधूनमधून बदलते, म्हणून आदल्या रात्री हॉटेलच्या काउंटरवर विचारून घ्या. १ ते ७ ऑक्टोबर, मे महिन्याची सुट्टी आणि जुलै-ऑगस्ट टाळा. लू शुन यांचा या घराच्या बागेवरचा आणि शाळेवरचा लेख चिनी शाळेच्या पाठ्यपुस्तकात असतो, त्यामुळे सुट्टीत निम्मा देश पोरांना घेऊन इथे येतो. जूनच्या मध्यापासून जुलैच्या सुरुवातीपर्यंत संततधार असते आणि दगडी फरशी निसरडी होते. लाकडी उंबरे चांगलेच उंच आहेत. गुडघे दुखणाऱ्या आजी-आजोबांना प्रत्येक चौकात हात द्यावा लागेल.

आता खरं काय आणि नंतरचं काय. ज्या 'नव्या वाड्यात' लू शुन जन्मले तो कुळाच्या सहा शाखांचा सामायिक होता. १९१८ मध्ये तो शेजारच्या झू घराण्याला विकला गेला. १९१९ च्या डिसेंबरात लू शुन येऊन घरच्यांना बीजिंगला घेऊन गेले. नव्या मालकाने बराच भाग पाडून नव्याने बांधला. लू शुन यांच्या कुटुंबाच्या खोल्या बऱ्याच अंशी वाचल्या. म्हणून जुन्या वाड्याची एकसंध रचना बघायची, तर 'जुना वाडा' म्हणजे पूर्वजांचं घर पाहा. तो अठराव्या शतकातला आणि जास्त शाबूत आहे. गर्दी तिथे कमी असते, हे आपल्या पथ्यावर पडतं. दारावरची 'हानलिन' (सम्राटाची विद्वत्सभा) पाटी आजोबांच्या विद्वत्तेची. याच आजोबांनी १८९३ मध्ये शाही परीक्षेच्या परीक्षकाला लाच देऊ केली आणि ते तुरुंगात गेले. पाठोपाठ वडील आजारी पडले, आणि सावकाराची पेढी ते औषधांचं दुकान अशा थोरल्या मुलाच्या, म्हणजे लू शुन यांच्या, खेपा सुरू झाल्या. वडील १८९६ मध्ये वारले. हे ठाऊक असलं की त्या पाटीकडे बघायची नजर बदलते.

घरामागची 'शंभर वनस्पतींची बाग' साधारण २,००० चौरस मीटरची. नाव ऐकून उद्यानाची अपेक्षा ठेवली तर फसाल. ते वाड्याचं सामायिक भाजीचं परस होतं आणि आजही वाफ्यांमध्ये हंगामानुसार भाजी असते. त्या लेखातली मातीची बुटकी भिंत तेवढी चुकवू नका.

सर्वांत जास्त वेळ ठेवावा तो नदीपलीकडच्या 'सानवेई शूवू' या शाळेसाठी. सानवेई म्हणजे तीन चवी: धर्मग्रंथ भातासारखे, इतिहास कालवणासारखा, तत्त्वज्ञान चटणी-लोणच्यासारखं. उशीर झाल्यावर गुरुजी रागावले म्हणून लहानग्या लू शुन यांनी मेजावर 'झाओ', म्हणजे 'लवकर', हे अक्षर कोरलं. ते मेज ईशान्य कोपऱ्यात आहे. आत सोडत नाहीत आणि कठड्यापासून अक्षर डोळ्यांना दिसत नाही. झूम असलेला फोन किंवा छोटी दुर्बीण न्या. समोर पाटीखाली हरिण आणि पाइनचं चित्र आहे. कन्फ्यूशियसचा स्मृतिफलक नसल्याने मुलं त्या पाटीला आणि हरणालाच नमस्कार करत.

या सगळ्याला तीन तास पुरतात. काळ्या छताच्या होडीत बसायचं असेल तर दर आधी ठरवा. नावाडी पायाने वल्हं मारतो, होडी अरुंद असते, मध्येच उठून फोटो काढू नका.

जेवायला शियानहंग खानावळ. १८९४ मध्ये लू शुन यांच्या कुळातल्या मंडळींनी काढली, काही वर्षांत बुडाली आणि १९८१ मध्ये जन्मशताब्दीला पुन्हा उघडली. बडीशेपेसारख्या स्वादाच्या मसाल्यात शिजवलेले बाकल्याचे दाणे शाकाहारींना चालतात. सुकवलेली मोहरीची भाजी मात्र बहुतेक वेळा डुकराच्या मांसाबरोबर येते, आणि वासाचा टोफू कुठल्या तेलात तळला ते विचारल्याशिवाय घेऊ नका. भाताची पिवळी दारू गोडसर लागते म्हणून भराभर पिऊ नका. ती बिअरपेक्षा बरीच कडक असते आणि परतीची गाडी पकडायची असते.