शनिवारी बॉल टाकणार कोण?

जून उजाडला की कोल्हापुरात अंदाज बांधायला एकच विषय उरतो: पंचगंगा. शाहू स्टेडियमवरचा फुटबॉल हंगाम आटोपलेला असतो, मैदानात पाणी, गॅलरीत कुत्री. मग राजाराम बंधाऱ्याजवळ पाणी ३९ फुटांची इशारा पातळी कधी गाठणार, ४३ च्या धोका पातळीपर्यंत जाणार का, राधानगरीचे दरवाजे कधी उघडणार, यावर कट्ट्याकट्ट्यावर तज्ज्ञ बसतात. आमच्या घरी मात्र जूनला आणखी एक विषय असतो, आणि शेजाऱ्यांना तो अजून पचलेला नाही. अमेरिकेतल्या कॉलेजांची बेसबॉल स्पर्धा. नेब्रास्का राज्यातल्या ओमाहा शहरात होणारी कॉलेज वर्ल्ड सिरीज.

ह्याला कारण पुतण्या. तो शिकायला बॅटन रूजला गेला, लुइझियाना स्टेट युनिव्हर्सिटीत, म्हणजे एलएसयूत, आणि पहिल्याच उन्हाळ्यात जांभळा-सोनेरी टीशर्ट घालून व्हिडिओ कॉलवर ओरडायला लागला. दुसरं कारण मी. कॉलेजात आणि मग शिवाजी विद्यापीठाच्या संघातून मी सॉफ्टबॉल खेळले, कॅचर म्हणून, म्हणजे बॅटरच्या मागं बसून चेंडू धरणारी. उजव्या हाताचं मधलं बोट अजून जरा वाकडं आहे, भाकरी थापताना कळतं. त्यामुळं बाकीचे स्कोअर बघतात तेव्हा मी पिचरच्या, म्हणजे चेंडू टाकणाऱ्याच्या, खांद्याकडं बघत असते. आता उद्यमनगरात एका फौंड्रीचे हिशेब बघते, पण कॅचरची नजर काही जात नाही.

स्पर्धेचा साचा आधी सांगून टाकते. ६४ संघ. चार-चार संघांचे सोळा गट, त्यांना रिजनल म्हणतात. तिथं दोनदा हरला की घरी. सोळा विजेत्यांच्या आठ जोड्या लावतात, त्या सुपर रिजनल, तीनपैकी दोन जिंकायच्या. उरलेले आठ ओमाहाला. तिथं पुन्हा चार-चारचे दोन गट, पुन्हा दुसऱ्या पराभवाला घरी. दोन गटांचे विजेते फायनल खेळतात, तीही तीनपैकी दोन. १९५० पासून ही स्पर्धा ओमाहातच आहे.

तर २०२५ च्या मे महिन्याच्या शेवटी ड्रॉ निघाला आणि ऑफिसच्या प्रिंटरवर मी तक्ते काढून आणले. पैज पैशांची नाही, हरणाऱ्यानं सगळ्यांना मिसळ. (पैसे लागले की आमच्यात बोलणं बंद होतं, हा फुटबॉलचा अनुभव.) चार जणांनी तक्ते भरले: भावोजी, मामंजी, आमच्या फौंड्रीचे मालक आणि मी. पुतण्याला मत नाही. तो पक्षपाती, हे सर्वानुमते ठरलं.

भावोजींनी दोन मिनिटांत तक्ता भरून पेन बंद केलं. "एक नंबर कोण हाय? वॅंडरबिल्ट. विषय संपला." ह्या माणसानं आयुष्यात कधी आपल्या पेठेच्या पाटाकडील फुटबॉल संघाच्या विरोधात अंदाज दिलेला नाही. समोर दिलबहार असो, खंडोबा असो नाहीतर शिवाजी तरुण मंडळ असो, संघाचे चार खेळाडू जायबंदी असले तरी "आपलीच". बेसबॉलात त्यांची पेठ नाही, म्हणजे एकदा तरी डोकं शांत ठेवून विचार करतील असं मला वाटलं होतं. तर त्यांनी विचारच केला नाही, मानांकनाच्या यादीवर सही केली.

मी त्यांना सांगितलं, भावोजी, ६४ संघांची पद्धत १९९९ ला आली, त्या वर्षी मायामी पहिल्या मानांकनावर जिंकली. पुढचा अव्वल मानांकित विजेता थेट २०२४ ला, टेनेसी. मधल्या प्रत्येक स्पर्धेत एक नंबर कुठं ना कुठं घसरला. उलट २००८ ला फ्रेस्नो स्टेट आपल्या रिजनलमध्ये चौथ्या, म्हणजे शेवटच्या मानांकनावर होती, आणि ट्रॉफी घेऊन गेली. २०२२ ला ओल मिस, म्हणजे मिसिसिपी युनिव्हर्सिटी, स्पर्धेत शिरलेल्या अगदी शेवटच्या संघांपैकी. तीही जिंकली. भावोजी म्हणाले, "वहिनी, तुम्ही इतिहास सांगा, मी मिसळ खातो."

मामंजींची रीत वेगळी. ते प्रत्येक संघाचं बोधचिन्ह विचारतात. एलएसयूचा वाघ, युसीएलएचं अस्वल, मरे स्टेटचा शर्यतीचा घोडा, कोस्टल कॅरोलायनाचा कोंबडा. कोंबड्यावर पैज लावायची नाही म्हणाले, त्याची जागा रश्श्यात. शेवटी आर्कान्सॉचं रानडुक्कर निवडलं. "डुक्कर उसात शिरलं की काय करतं ते मी बघितलंय." हसू नका. आर्कान्सॉ तिसऱ्या मानांकनावर होती, निवड वाईट नव्हती.

आमच्या मालकांना फक्त बॅटमध्ये रस. कॉलेजात धातूच्या बॅटी चालतात, व्यावसायिक बेसबॉलमध्ये लाकडीच. मालक ओतकामाच्या धंद्यातले, त्यांनी लगेच प्रश्न टाकला: पोकळ ॲल्युमिनियमची भिंत पातळ असली तर ती आत दबून परत उसळणार, चेंडू जास्तच लांब जाणार, मग हे चालतं कसं? बरोबर तेच होत होतं. म्हणून २०११ पासून ती उसळी मोजून मर्यादेत ठेवणारा नियम आला आणि होमरन, म्हणजे थेट मैदानाबाहेरचे फटके, धडाधड कमी झाले. त्याच वर्षी ओमाहात नवं मैदानही सुरू झालं, त्याची सेंटर फील्डची भिंत ४०८ फुटांवर. दोन्ही ऐकून मालक म्हणाले, "म्हणजे मारणाऱ्यापेक्षा टाकणारा बघायचा." ह्या माणसाला बेसबॉलचे नियम धड माहीत नाहीत, पण चौघांत मुद्द्याचं तेच बोलले. तरी तक्त्यात टेक्सास लिहिलं, कारण तिथं त्यांचा एक गिऱ्हाईक आहे.

माझा मुद्दा हाच. स्पर्धा सुरू व्हायच्या आधी "चॅम्पियन कोण" हे सांगण्यात अर्थ नाही. विचारायचं ते हे, की ओमाहात दुसऱ्या शनिवारी कुणाच्या पहिल्या नंबरच्या पिचरचा हात ताजा असेल? कॉलेजचा चांगला स्टार्टर, म्हणजे सामना सुरू करणारा पिचर, शंभरेक चेंडू टाकतो आणि मग आठवडाभर त्याला हात लावायचा नसतो. हंगामात सामने शुक्रवार, शनिवार, रविवार असे तिनाच्या गठ्ठ्यानं होतात, म्हणून संघ तीन स्टार्टर सांभाळतात, पण तिघं एका तोलाचे क्वचितच. ओमाहात जो संघ हरत नाही त्याला सामने कमी आणि मध्ये सुट्ट्या. एक हरला की त्याच गटातून वर यायला सामने वाढतात, आणि तेही लागोपाठ. तिथं चौथा, पाचवा पिचर बाहेर काढावा लागतो. मागं बसून ज्यानं पिचरचे चेंडू धरलेत त्याला हे वेगळं सांगावं लागत नाही. थकलेल्या हाताचा चेंडू वेगात तोच दिसतो, पण मिटमध्ये (कॅचरच्या जाड हातमोज्यात) दोन बोटं वर येऊन आपटतो. कॅचरला कळतं, बॅटरला त्याच्या आधी कळतं.

म्हणून मी तक्त्यात लिहिलं: "ओमाहात पहिले तीन सामने न हरता जो येईल आणि ज्याचा एक नंबर पिचर शनिवार ते शनिवार विश्रांती घेईल तो." भावोजींनी कागद फेकला. "हे काय पंचांग हाय का? नाव लिहा." मग एलएसयू लिहिलं, कारण केड अँडरसन. डावखुरा, आणि त्याच्या मागं अँथनी आयन्सन. दोन असले की माझं समाधान होतं. पुतण्याला वाटलं त्याच्यासाठी लिहिलं. वाटू दे.

पहिल्याच वीकेंडला रिजनलमध्ये वॅंडरबिल्ट घरच्या मैदानावर गारद. टेक्सासही तसंच, ऑस्टिनमध्ये, सॅन अँटोनिओच्या पोरांनी काढलं. एक आणि दोन नंबर दोघंही ओमाहा न बघता घरी. मालकांनी शांतपणे तक्ता घडी घालून खिशात ठेवला. भावोजींनी मात्र मागणी केली की रिजनल संपल्यावर संघ बदलायला मिळाला पाहिजे. ह्यावर घरात जे झालं त्यापुढं ओमाहा काहीच नाही. शेवटी मामंजींनी निकाल दिला: बदला, पण मिसळीबरोबर ताकही द्यायचं. भावोजींनी कोस्टल कॅरोलायना घेतली, मामंजींनी नाकारलेला तोच कोंबडा, आणि दोन दिवसांत त्यांची पेठ तयार झाली. व्हॉट्सॲपला कोंबड्याचा डीपी. मला हे आधी खटकलं, पण बघणं त्यामुळंच रंगलं हे खरं. नुसता अंदाज बांधून पहाटे साडेचारला कोण उठतं?

हो, साडेचार. ओमाहाचं घड्याळ आपल्या साडेदहा तास मागं. तिथं संध्याकाळी सहाचा सामना म्हणजे इथं पहाट.

ओमाहात माझा हिशेब कसा चालला ते सांगते. शनिवारी, १४ जूनला, अँडरसननं आर्कान्सॉला सात इनिंग बांधून ठेवलं, एलएसयू ४-१. मामंजींचं रानडुक्कर पहिल्याच दिवशी खालच्या वाटेला लागलं. सोमवारी त्यांची मरे स्टेटशी गाठ. मरे स्टेट म्हणजे केंटकीतला, रिजनलमध्ये चौथ्या मानांकनावरून ओमाहापर्यंत आलेला संघ, सगळ्यांचा लाडका. आणि त्या सामन्यात आर्कान्सॉच्या गेज वूडनं एकही हिट, म्हणजे बेसवर पोचवणारा फटका, दिला नाही, १९ जणांना तीन स्ट्राइकवर बाद केलं. ओमाहात असा नो-हिटर १९६० नंतर झालाच नव्हता. आठव्या इनिंगमध्ये एका बॅटरला चेंडू लागला, नाहीतर त्यानं कुणालाच बेसवर येऊ दिलं नसतं. मामंजींना मी मध्यरात्री उठवून सांगितलं, ते म्हणाले, "सांगितलं हुतं की."

पण माझं लक्ष दुसरीकडं होतं. वूड सोमवारी संपला. मंगळवारी युसीएलए, बुधवारी पुन्हा एलएसयू, तीन दिवसांत तीन सामने. तरी आर्कान्सॉ बुधवारी नवव्या, म्हणजे शेवटच्या, इनिंगला ५-३ नं पुढं होती. मग लेफ्ट फील्डरकडं गेलेला सरळ फटका त्याला धरता आला नाही, दोन धावा आल्या, आणि जेरेड जोन्सच्या फटक्यानं एलएसयू ६-५. लोक त्या फील्डरला बोलले. मी म्हणेन, दमलेल्या संघाच्या हातून असले झेल सुटतात. भावोजींना हे पटलं नाही, झेल म्हणजे झेल.

फायनलला कोस्टल सलग २६ सामने जिंकून आली होती. आणि समोर अँडरसन, बरोबर एक आठवडा विश्रांती घेऊन. पहिल्या इनिंगमध्ये एलएसयूची एक धाव, आणि मग पूर्ण सामनाभर त्या एका धावेवर तो उभा राहिला. १३० चेंडू, फक्त तीन हिट, १-०. मामंजी गंगावेशच्या दूध कट्ट्यावर धारोष्ण पिऊन परत आले तेव्हा मी छत्रीखाली गच्चीवर, कारण रेंज तिथंच येते, आणि भावोजी जिन्यात. त्यांनी डीपी काढला नव्हता, एवढं मान्य करते.

दुसऱ्या सामन्यात आयन्सन आणि ५-३. एलएसयूचं आठवं विजेतेपद, तीन वर्षांत दुसरं. अँडरसन स्पर्धेचा सर्वोत्तम खेळाडू ठरला आणि जुलैत सिॲटल मरिनर्स ह्या व्यावसायिक संघानं त्याला ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या निवडीत, तिसरा उचलला.

भावोजींकडं एक हत्यार आहे, ते त्यांनी काढलंच. २०२३. त्या वर्षी एलएसयू ओमाहात एक सामना हरली होती. पॉल स्कीन्ससारखा पिचर सेमीफायनलला वेक फॉरेस्टविरुद्ध आठ इनिंग टाकून बसला, टॉमी व्हाइटनं अकराव्या इनिंगला होमरन मारून २-० नं सोडवलं, आणि फायनलला स्कीन्स एकही चेंडू टाकू शकला नाही. मधला सामना फ्लोरिडानं २४-४ असा धुतला, तरी शेवटचा एलएसयूनं १८-४ नं घेतला. "मग तुमचा शनिवारचा हात कुठं गेला, वहिनी?" प्रश्न रास्त आहे. माझं उत्तर एवढंच, की त्या फायनलमध्ये दोन्हीकडं पिचर संपलेले होते, म्हणूनच असले आकडे लागले. (त्याच वर्षी ओमाहातल्या एका पिझ्झाच्या दुकानात एलएसयूच्या समर्थकांनी ६८,८८८ जेलो शॉट (दारू घातलेली जेली) फस्त केले, हाही विक्रम. आमची मिसळ बरी.)

२०२५ च्या फायनलच्या दुसऱ्या सामन्यात पहिल्याच इनिंगला अंपायरनं कोस्टलचे कोच केव्हिन श्नॉल आणि त्यांचे फर्स्ट बेस कोच, दोघांनाही मैदानाबाहेर काढलं. ह्यावर आमच्याकडं अजून वाद चालू आहे. शाहू स्टेडियमवर पंचांशी वाद घालण्यात ज्यांचं तारुण्य गेलं त्यांना हे सहन होणं शक्यच नाही. मिसळ भावोजींनीच दिली, ताकासकट, पण खाताना तेच. पुढच्या वर्षीच्या तक्त्यात मी प्रत्येक संघासमोर पहिल्या दोन पिचरची नावं लिहायचा रकाना घातलाय, नावं नसतील तर तक्ता बाद. भावोजी म्हणतात, पिचरचा घाला, काही हरकत नाही, पण शेजारी एक रकाना अंपायरचाही पाहिजे.