तुम्ही विचारलंत म्हणून: स्लॅपस्टिकचा मार लागतो का?

स्लॅपस्टिक म्हणजे नक्की काय, आणि त्यात मार खाणाऱ्याला खरंच लागतं का, हे दोन प्रश्न बहुधा जोडीनंच येतात. उत्तर एका काठीत आहे. १६व्या शतकात इटलीत ‘कोमेदिया देल्लार्ते’च्या फिरत्या नाटकमंडळ्या होत्या. त्यांच्या खेळांतला आर्लेकीनो हा बेर्गामोचा भुकेला, उचापती नोकर ही काठी कमरेला खोचून यायचा. अंगावर आदळण्याच्या, पडण्या-धडपडण्याच्या सगळ्याच विनोदाला पुढे इंग्रजीत तिचं नाव चिकटलं.

काठी करायला सोपी. ४५ सेंमी लांब, ५ सेंमी रुंद, ५-६ मिमी जाड अशा सरळ तंतूंच्या लाकडाच्या दोन पट्ट्या घ्या. मुठीकडच्या १२ सेंमीत मध्ये ५ मिमीचा तुकडा घालून सरस आणि स्क्रूनं आवळा. पुढचं टोक मोकळं ठेवा. कडा पॉलिश पेपरनं गोल करा. फटका बसला की अंगाला टेकलेली पट्टी थांबते आणि मागची वेगात येऊन तिच्यावर आपटते. फाट्! आवाज लाकडाचा लाकडावर, अंगाला नुसती थाप.

बिघडतं ते बहुतेक दोन पट्ट्यांमधल्या फटीत. कमी ठेवली तर आवाज बसका येतो. जास्त ठेवली तर हलक्या हातानं पट्ट्या भिडतच नाहीत, मग नट जोर लावतो आणि समोरचा खरोखर कळवळतो. जाड पट्ट्यांचंही तेच. कडेनं मारलं तर आवाज नाही, वळ मात्र उठतो. म्हणून सपाट बाजूनं, मनगटाच्या झटक्यानं, कपड्यांवरून कुल्ल्यांवर किंवा मांडीच्या मागे मारायचं. पाठीचा कणा, माकडहाड आणि गुडघे वर्ज्य. प्रयोगाआधी दर वेळी स्क्रू तपासा, पट्टीला चीर दिसली तर ती टाकून द्या.

मार खाणाऱ्याचं काम मात्र जास्त अवघड. आवाजाआधी उडी मारली की सोंग उघडं पडतं. आवाज, क्षणभर थिजलेला चेहरा, मग बोंब, हा क्रम सुटता कामा नये.

लंडनच्या पँटोमाइममध्ये, म्हणजे तिथल्या गाण्या-विनोदाच्या खेळांत, हार्लेक्विन (आर्लेकीनोचाच इंग्रजी अवतार) हीच काठी नेपथ्यावर आपटायचा आणि त्या इशाऱ्यावर देखावा बदलायचा. मूकपटात आवाजच गेला, तेव्हा सगळा भार शरीरावर आला. १९२८ मध्ये मूकपटांतला विनोदी नट बस्टर कीटन यानं तर घराची अख्खी दर्शनी भिंत अंगावर पाडून घेतली. खिडकीची मोकळी चौकट बरोबर त्याच्याभोवती उतरली. तिथे बनाव नव्हता, चूक झाली असती तर माणूस गेला असता. मला ते थरारक वाटतं, पण स्लॅपस्टिकची खरी कारागिरी काठीतच दिसते.

हौशी एकांकिकांत हल्ली फटक्याचा रेकॉर्ड केलेला आवाज लावतात. तो हमखास किंचित उशिरा येतो आणि हशा तिथेच मरतो. त्यापेक्षा सुताराकडून दोन पट्ट्या कापून आणा.