आमची वाटचाल: नऊ गाड्या आणि एक ओढा

दसऱ्याला आमच्या जुन्या गाड्यांच्या दुकानाला १६ वर्षं झाली. पोरगी मागे लागली की बाबा, सगळे लिहितात तसं 'आमची वाटचाल' लिहा, विश्वासाची परंपरा वगैरे. ते विश्वासाचं गिऱ्हाइकांनी ठरवावं, मी आपलं झालं ते सांगतो.

आधी सहा वर्षं मी नव्या गाड्यांच्या शोरूममध्ये सेल्समन होतो, टाय लावून. तिथे गाडीशी कुणाला घेणंदेणंच नव्हतं. महिनाअखेरीचं टार्गेट, इन्शुरन्स आमच्याकडूनच घ्या, अॅक्सेसरीजचं पॅकेज घेतलं तर डिलिव्हरी लवकर, आणि कोटेशनच्या तळाला बारीक अक्षरात हँडलिंग चार्जेस. त्या ओळीवर बोट ठेवून "हे कशाचे हो?" असं कुणी विचारलं की मॅनेजर मुकाट्याने ते काढून टाकायचा. पण विचारायचं कोण? सगळे पेढ्याचा बॉक्स घेऊन फोटोच्या घाईत. तुम्ही विचारत जा. आणि डिसेंबरात डिस्काउंट घेताना गाडी कुठल्या महिन्यात बनलीय तेही बघा, कारण विकायला आमच्याकडे याल तेव्हा आम्ही ते बघणारच.

२००९ च्या दसऱ्याला पुण्यात अरण्येश्वरच्या बाजूला ओढ्यालगतची जागा भाड्याने घेतली, भाडं कमी होतं, का कमी होतं ते नंतर कळलं. पार्टनर म्हणजे उस्ताद, नाना पेठेत त्यांचं गॅरेज होतं. पैसे माझे, कान त्यांचे. लाकडी मुठीचा लांब स्क्रूड्रायव्हर, टोक इंजिनला टेकवायचं, मूठ कानाला, डोळे मिटायचे आणि म्हणायचे, "टायमिंग चेन बोलतेय, दहा हजार कमी कर." दुसरं हत्यार म्हणजे रुमालात गुंडाळलेलं लोहचुंबक. पत्र्यावरून फिरवायचं, जिथे घसरलं तिथे रंगाखाली पुट्टी, म्हणजे पत्रा ठोकलेला. आता माझ्याकडे पेंटची जाडी मोजायचं मीटर आहे, कंपनीचा रंग साधारण १०० ते १५० मायक्रॉन दाखवतो, ३०० च्या वर गेला की समजायचं काहीतरी झालंय. पण रुमालावर उस्तादांचा जेवढा विश्वास होता तेवढा माझा अजून त्या मीटरवर बसला नाही.

डिझेलमध्ये त्यांचं लाडकं इंजिन म्हणजे ते १.३ मल्टिजेट, स्विफ्टमध्ये यायचं, व्हिस्टात यायचं, पुंतोत यायचं, आपल्या रांजणगावच्या फियाटच्या प्लांटमध्येसुद्धा बनायचं. ते म्हणायचे, तेल वेळेवर बदल, ते तुझ्या पोरीच्या लग्नापर्यंत जाईल. धुराचे नवे कडक नियम, बीएस सिक्स, आले आणि २०२० ला ते इंजिन बंद झालं.

दुकानाची पहिली दहा वर्षं बरी गेली, सांगण्यासारखं काही नाही.

२५ सप्टेंबर २०१९ ची रात्र. आंबिल ओढा. पुण्यातल्या माणसाला वेगळं सांगायला नको, त्या रात्री माणसं गेली, भिंती गेल्या, त्यापुढे माझ्या नऊ गाड्या म्हणजे काहीच नाही हे मला कळतं. पण सकाळी गेलो तेव्हा एक अल्टो वॅगन-आरच्या बॉनेटवर चढलेली होती आणि सगळ्यांच्या डॅशबोर्डपर्यंत गाळ. उस्ताद नुसते गेटपाशी उभे राहिले, आत आलेच नाहीत.

इन्शुरन्सचं सांगतो, कारण आमच्या धंद्यातली ही मेख गिऱ्हाइकाला माहीत नसते. आम्ही गाडी घेताना मालकी बदलाच्या फॉर्म २९, ३० वर सही घेतो, पण आरसी आपल्या नावावर करत नाही, एकदा आमच्या, मग गिऱ्हाइकाच्या नावावर असा डबल ट्रान्सफरचा खर्च नको म्हणून. पॉलिसी राहते जुन्या मालकाच्या नावावर. मग इन्शुरन्सवाले म्हणाले, मालकाने गाडी विकलीय, त्याचं नुकसान नाही, आणि तुम्ही कोण? दोन गाड्यांवर तर नुसती थर्ड पार्टी होती, म्हणजे आपल्या गाडीच्या नुकसानीचं काही मिळतच नाही. नऊच्या नऊ क्लेम गेले. चूक माझी, मान्य. तुम्ही गाडी विकत घेतलीत तर १४ दिवसांच्या आत पॉलिसी नावावर करायला टाका, उद्या परवा करू नका.

शेवटी एका एजंटाला सगळ्या गाड्या भंगाराच्या भावात दिल्या, कागदांसकट. दिवाळीला, म्हणजे जेमतेम महिन्याने, त्यातल्या चार रस्त्याच्या वरच्या अंगाला असलेल्या दुकानात पहिल्या रांगेत उभ्या! नाव लिहीत नाही, त्या रस्त्याला सगळ्यांना माहीत आहे. सीट धुतलेले, डॅश पॉलिश, आतून लिंबाचा वास. मी जाऊन बोललो तर तिथला मालक म्हणाला, "साहेब, तुम्ही विकल्या, मी घेतल्या, कागद तर तुम्हीच दिलेत." हे खरंच होतं, म्हणून जास्त लागलं. आज त्याची तीन दुकानं आहेत.

माझ्याकडे तेव्हा एकही गाडी नव्हती. अशात सदाशिव पेठेतले मास्तर आले. माझ्या शोरूमच्या दिवसांपासूनचं गिऱ्हाईक, पेट्रोल भरलं की वहीत लिटर आणि किलोमीटर लिहिणारा माणूस. रिकाम्या जागेकडे बघितलं आणि म्हणाले, "मला वॅगन-आर हवीय, सीएनजी नको, डिकी जाते." म्हटलं, मास्तर, गाडी कुठाय? तर त्यांनी खिशातून दीड लाखाचा चेक काढला, "मिळाली की सांग. आणि पावती दे, तारीख घालून." दोन महिने लागले मला ती गाडी शोधायला, कोथरूडला मिळाली, एकहाती, २८ हजार चाललेली. गाडी घेताना त्यांनी हजार रुपये कमी करायला लावले ते लावलेच.

मास्तरांच्या त्या चेकवर दुकान परत उभं राहिलं. नंतर लॉकडाऊनमध्ये उस्ताद गेले, त्यावर मी लिहिणार नाही. स्क्रूड्रायव्हर माझ्या टेबलावर आहे.

जुनी गाडी घेणाऱ्यांना एवढंच सांगतो, बाकी काही बघू नका पण गाडी पुरातून आलीय का ते कळायला सीटबेल्ट पूर्ण शेवटपर्यंत ओढा. सीट धुतात, कार्पेट बदलतात, बेल्टचा आतला टोकाचा भाग धुवायचं कुणाच्या लक्षात राहत नाही. सीटखालची रेल बघा, स्टेपनीच्या खड्ड्यात हात घाला.

गेल्या वर्षी एक पोरगा सेडान विकायला आला, हिंजवडीत नोकरी, बिचारा इलेक्ट्रिकच्या कामाला वैतागलेला, कधी हॉर्न बंद तर कधी काचा. मी बेल्ट ओढला, शेवटची वीतभर पट्टी चहाच्या रंगाची. मग पेट्रोलचं झाकण उघडलं, आत खडूसारखा पिवळा ठिपका. आम्ही घेतलेल्या प्रत्येक गाडीला उस्ताद तिथे ऑइल पेंटने ठिपका द्यायचे. माझीच गाडी, नवांतली.

त्याला सगळं खरं सांगितलं, कागद माझ्याकडूनच गेले हेसुद्धा. पोरगा अर्धा तास ऐकत बसला, चहा प्यायला, थँक्यू म्हणाला आणि जिथून घेतली होती तिथेच जाऊन एक्स्चेंजमध्ये देऊन आला. वर एक्स्चेंज बोनस मिळाला म्हणे. चार दिवसांनी गाडी परत पहिल्या रांगेत, बॉनेटवर झेंडूचा हार.

तिचा नंबर इथे लिहिणार होतो, पोरगी नको म्हणाली.