तुम्ही विचारलंत म्हणून : घरी जाब द्यावा लागणारे सुपरहिरो

नाशिकला गंगापूर रोडवरच्या आमच्या घरी प्रथमच येणाऱ्या पाहुण्याचे लक्ष चहा यायच्या आधी कॉमिक्सच्या कपाटाकडे जाते आणि मग ठरलेला प्रश्न येतो : सुपरहिरो कॉमिक्स वाचायची तर सुरुवात कोठून करावी, आणि चाळिशी उलटलेल्या माणसाने वाचावे असे त्या पात्रांमध्ये आहे तरी काय? विचारणाऱ्यांची मुले बहुधा आठवी-नववीत असतात आणि चित्रपट पाहून त्यांना ही सारी मंडळी तोंडपाठ असतात. आईवडिलांना मात्र भिंती चढणारा माणूस म्हणजे निव्वळ पोरखेळ वाटतो.

माझा निकष साधा आहे. नायकाच्या अंगी कोणती शक्ती आहे हे मी नंतर पाहतो. त्याला कोणाला जाब द्यावा लागतो, हे आधी पाहतो. रात्री उशिरा परतल्यावर ‘इतका वेळ कुठे होतास?’ असे विचारणारे माणूस ज्याच्या घरी आहे, त्याची गोष्ट सहसा फसत नाही.

म्हणून पहिले नाव स्पायडरमॅनचे, आणि तेही सरसकट नव्हे, तर ‘द अमेझिंग स्पायडरमॅन’च्या ३१ ते ३३ या तीन अंकांचे. स्टॅन ली आणि स्टीव्ह डिट्को यांनी १९६२ साली हे पात्र निर्माण केले आणि या अंकांपर्यंत पीटर पार्कर, म्हणजे किरणोत्सर्गी कोळी चावून स्पायडरमॅन झालेला मुलगा, नुकताच कॉलेजात जाऊ लागला आहे. त्याची मे काकू रुग्णालयात मरणाच्या दारी आहे, आणि त्याचे कारण तोच आहे : पूर्वी तिला त्याने दिलेल्या रक्तातून किरणोत्सर्ग तिच्या शरीरात गेला आहे. औषध मिळते, पण ते हातात येण्याआधीच पाण्याखालच्या तळावर एक अवाढव्य यंत्र त्याच्या अंगावर कोसळते. औषधाचा डबा समोर, हात पोहोचणार नाही इतक्या अंतरावर पडलेला असतो आणि छतातून पाणी गळत असते. फेब्रुवारी १९६६च्या ३३व्या अंकातील पुढची काही पाने मी आलेल्या प्रत्येकाला उघडून दाखवतो. तेथे खलनायक नाही, मारामारी नाही. एक मुलगा ओझ्याखाली दबलेला आहे आणि बेन काका आपल्यामुळे गेले, आता काकूही जाणार, एवढेच त्याच्या मनात घोळते आहे. तो प्रयत्न करतो, थकतो, पुन्हा खांदा लावतो, आणि डिट्को चौकटी हळूहळू वाढवत नेतो, ते यंत्र उचलले जाते तेव्हा एका चित्राने अख्खे पान व्यापेपर्यंत. वाचणाऱ्याचे खांदेही नकळत ताठ होतात. एवढे करूनही काकूला यातले काही सांगण्याची सोय त्याला नसते, ही या पात्राची खरी गंमत आहे.

बॅटमॅनचे मला फारसे कौतुक नाही, हे ऐकून पाहुण्यांची मुले नाराज होतात. वाड्यात एकटा राहणारा तो धनाढ्य माणूस आल्फ्रेड या बटलरखेरीज कोणाला बांधील नाही. तरीही फ्रँक मिलर यांनी लिहिलेले आणि डेव्हिड माझुकेली यांनी रेखाटलेले १९८७चे ‘बॅटमॅन : इयर वन’ मी आवर्जून देतो, कारण ते निम्म्याहून अधिक जिम गॉर्डन या पोलीस अधिकाऱ्याचे आहे. बरबटलेल्या पोलीस खात्यात हा प्रामाणिक माणूस बदलून येतो, बायको गरोदर असते आणि तो स्वतः एका सहकारी महिलेत गुंततो. वरिष्ठ ते प्रकरण बाहेर काढण्याची धमकी देतात, तेव्हा तो त्यांच्यापुढे नमत नाही. सरळ बायकोला सगळे सांगून मोकळा होतो. शेवटी त्याच्या तान्ह्या बाळाला पुलावरून पडताना वाचवणारा माणूस मुखवट्याविना समोर उभा असतो आणि गॉर्डन म्हणतो की, चष्मा नसल्यामुळे आपल्याला जवळजवळ काहीच दिसत नाही.

मुलींसाठी पुस्तक मागणाऱ्यांना, आणि खरे तर सर्वांनाच, मी ‘मिस मार्व्हल’ सुचवतो. जी. विलो विल्सन यांनी लिहिलेली आणि एड्रियन अल्फोना यांनी चितारलेली ही मालिका २०१४ मध्ये सुरू झाली आणि तिच्या पहिल्या खंडाला २०१५ मध्ये विज्ञानकथा व अद्भुतकथांसाठीचा ह्यूगो पुरस्कार मिळाला. नायिका कमला खान ही जर्सी सिटीत राहणारी, पाकिस्तानी वंशाच्या कुटुंबातील सोळा वर्षांची मुलगी. पहिल्याच पानावर ती दुकानात उभी राहून, खाता येणार नाही अशा बेकनच्या सँडविचचा नुसता वास घेत असते. कॉलेज रोडवर ऑम्लेटच्या गाडीपाशी रेंगाळणारी कडक शाकाहारी घरातली मुलगी ज्याने पाहिली आहे, त्याला तिची वेगळी ओळख करून द्यावी लागत नाही. ती रात्री घरातून सटकते, पकडली जाते, आई बोलते, आणि पुढे समज देण्यासाठी तिला मशिदीतल्या शेखसाहेबांकडे पाठवले जाते; ते मात्र तिला दटावण्याऐवजी, लोकांना मदत करण्याचे हे काम करायचेच असेल तर नीट कर आणि एखादा गुरू शोध, असे सांगतात.

इंग्रजी जड जाते म्हणणाऱ्यांना मी हिंदीतला सुपर कमांडो ध्रुव देतो. अनुपम सिन्हा यांनी १९८७ मध्ये राज कॉमिक्ससाठी उभा केलेला हा सर्कशीतला मुलगा. नाशिकरोड स्थानकावरच्या पुस्तकांच्या स्टॉलवर गाडीची वाट पाहताना माझी त्याच्याशी ओळख झाली. त्याच्याकडे कोणतीही अलौकिक शक्ती नाही, आणि त्याला दत्तक घेणारे वडील पोलीस अधिकारी आहेत, म्हणजे जाब विचारणारा माणूस घरातच!

वेताळाची, म्हणजे इंग्रजीतल्या ‘फँटम’ची, आठवण ज्येष्ठ मंडळी हमखास काढतात. इंद्रजाल कॉमिक्समधून तो मराठीतही आला आणि माझ्याही मनात त्याच्याविषयी ओलावा आहे. पण कवटीवर घेतलेल्या शपथेपलीकडे तो कोणालाही उत्तरदायी नाही, आणि गोऱ्या माणसाला देव मानणारे जंगल आता खटकते.

माझा निकष सुपरमॅनपाशी लंगडा पडतो. त्याला कोण जाब विचारणार? तरीही ग्रँट मॉरिसन आणि फ्रँक क्वायटली यांचे बारा अंकांचे ‘ऑल-स्टार सुपरमॅन’ मी कोणाला वगळू देत नाही. दहाव्या अंकात इमारतीच्या कठड्यावर उभ्या असलेल्या एका मुलीजवळ, स्वतः मरणपंथाला लागलेला सुपरमॅन येतो आणि तिच्या डॉक्टरांना खरोखरच उशीर झाला होता, एवढे आधी सांगतो. मग तिला जवळ घेतो. सारे एका पानात.

वयाचे तेवढे पाहा : कमला आणि ध्रुव बारा वर्षांच्या मुलाला खुशाल द्या, ‘इयर वन’ मात्र दहावीनंतर, आणि शक्यतो आधी स्वतः वाचून.