वेबसाईटच्या लिंकांची रचना ठरवताना आलेला माझा अनुभव (धंदा करणाऱ्यांनी जरूर वाचा)

आमचा सांगलीत हळद आणि बेदाण्याचा व्यापार आहे. पप्पांच्या काळात सगळं मार्केट यार्डातच चालायचं, आता किरकोळ विक्री ऑनलाइन वाढलीये म्हणून जुनी साईट काढून नवीन करायची ठरवली. डोमेन, होस्टिंग, फोटो, पेमेंट गेटवे सगळं बऱ्यापैकी सुरळीत झालं, त्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. डॉट इन घ्यायचं की डॉट कॉम यावर घरात थोडी चर्चा झाली, आमचं गिऱ्हाईक भारतातलंच आहे म्हणून डॉट इन घेतलं, विषय संपला.

अडलं कुठे, तर प्रत्येक मालाच्या पानाचा पत्ता काय असावा इथे. आणि हे असं काही ठरवायचं असतं हे आम्हाला साईट बनवणाऱ्या एजन्सीने सांगितलंच नाही. त्यांनी साईट वर्डप्रेसवर (साईट बनवायचं सॉफ्टवेअर) केली, वूकॉमर्स (त्यालाच जोडायचं ऑनलाइन दुकान) टाकलं, आम्ही दिलेली मराठी नावं जशीच्या तशी टायटलमध्ये भरली आणि लिंका आपोआप जशा तयार झाल्या तशा सोडून दिल्या.

मला कळलं ते पाऊचमुळे. नवीन पाऊचवर क्यूआर कोड टाकायचा होता, स्कॅन केला की त्याच मालाचं पान उघडेल असा. पाऊच छापणाऱ्याने लिंक मागितली, मी ब्राउझरमधून कॉपी करून व्हॉट्सॲपवर टाकली तर समोर टक्क्याच्या चिन्हांची ही लांबच लांब माळ! ब्राउझरमध्ये वर छान मराठी दिसतं, पण कॉपी केलं की प्रत्येक अक्षराचे, प्रत्येक काना-मात्रेचे, प्रत्येक अनुस्वाराचे तीन तीन तुकडे होतात आणि एकेका तुकड्याला टक्का आणि दोन अक्षरं लागतात, म्हणजे एका चिन्हाला 9 जागा. नुसतं "हळद" लिहायला 27 जागा. असली लिंक गिऱ्हाइकाला पाठवली की त्याला वाटतं फ्रॉड आहे, आणि त्याचं काय चुकलं, आपणही असल्या लिंकवर क्लिक करत नाही.

बरं एवढ्यावर थांबत नाही. वर्डप्रेसमध्ये लिंकच्या या नावाला (स्लग म्हणतात त्याला) 200 जागांची मर्यादा आहे. मराठीत हिशेब केला तर जेमतेम 22 चिन्हं. आमच्या मालाचं नाव होतं "सांगलीची राजापुरी हळद पावडर अर्धा किलो". लिंकमध्ये काय आलं? "सांगलीची-राजापुरी-हळद-पा". पावडरचा "पा" आला आणि पुढचं सगळं कापलं गेलं. एक किलोचंही तिथेच कापलं गेलं, आणि दोन पानांना एकच नाव चालत नाही म्हणून सिस्टिमने त्याला आपणहून "पा-2" केलं, पाच किलोला "पा-3". कुठली लिंक कुठल्या वजनाची हे बघून सांगताच येत नव्हतं, आणि हेच आम्ही पाऊचवर छापणार होतो.

क्यूआरचीही तीच गत. लिंक जेवढी लांब तेवढे कोडमधले चौकोन बारीक. आमची लिंक डोमेनसकट 230 च्या आसपास अक्षरांची, तिला एका बाजूला 61 चौकोन लागत होते. आखूड लिंकला 33 मध्ये भागतं. शंभर ग्रॅमच्या पाऊचवर कोडला जागा किती मिळणार, त्यात प्लॅस्टिक चुरगळतं. प्रूफवरचा, म्हणजे छपाईआधीच्या नमुन्यावरचा कोड पप्पांच्या फोनने उचललाच नाही.

मग एजन्सीला फोन. "मॅडम, गूगलला मराठी लिंक चालते." हो, चालते, गूगल स्वतःच सांगतं की तुमच्या वाचकांच्या भाषेतले शब्द वापरा, मी कुठे नाही म्हणतेय? पण पाऊच गूगल विकत घेत नाही, गिऱ्हाईक घेतं! मग म्हणे टेक्निकल टीमकडे पाठवलंय. मग म्हणे लिंक बदलणं स्कोपमध्ये नाही, वेगळे पैसे लागतील. मग नुसतं "चेक करतो". इकडे पाऊचवाला रोज विचारतोय सिलिंडर कधी काढू. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, अशा पाऊचच्या छपाईला प्रत्येक रंगाचं वेगळं सिलिंडर कोरतात आणि त्याचे पैसे आधी भरावे लागतात, एकदा कोरलं की क्यूआर बदलायला परत नवीन सिलिंडर. म्हणजे लिंक फायनल झाल्याशिवाय पाऊच नाही, पाऊच नाही तर माल भरणं नाही. आणि हे सगळं अडलेलं कशावर, तर एका चौकटीत टाईप करायच्या दोन-तीन शब्दांवर. आजही आठवलं की डोकं तापतं.

शेवटी मी त्यांना म्हटलं, मला शॉप मॅनेजरचा लॉगिन (मालाची पानं बदलता येतात तो) द्या, बाकी काही करू नका. तो मात्र लगेच दिला. आत गेल्यावर बघते तर टायटलच्या खालीच पर्मालिंक, म्हणजे त्या पानाची कायमची लिंक, लिहिलेली आणि बाजूला एडिटचं बटण. बस्स. चाळीसेक प्रॉडक्ट होती, मी आणि बहिणीने एका संध्याकाळी बसून सगळी बदलली. टायटल मराठीच ठेवलं, फक्त लिंकमधलं नाव इंग्रजी अक्षरांत, छोटं, दोन शब्दांच्या मध्ये हायफन. अंडरस्कोर नको, गूगलही हायफनच वापरायला सांगतं. सगळी अक्षरं स्मॉल ठेवा, कारण बऱ्याच सर्व्हरवर कॅपिटल आणि स्मॉल या वेगळ्या लिंका धरल्या जातात. दुसऱ्या दिवशी पाऊचवाल्याला नवीन लिंका पाठवल्या, प्रूफवरचा कोड पप्पांनी स्वतः पहिल्या झटक्यात स्कॅन केला. खरं सांगते, त्या दिवशी मला फार भारी वाटलं.

अर्धा किलो, एक किलो अशी वेगळी पानंही बंद केली. एकच पान, त्यात वजन निवडायचं. वजनाची माहिती लिंकच्या शेवटी प्रश्नचिन्हापुढे लागते, मूळ पत्ता तोच राहतो.

लिंकमध्ये कॅटेगरी घालायचा आग्रह एजन्सीने धरला होता, म्हणजे आधी ड्रायफ्रूट, मग बेदाणे, मग हिरवा बेदाणा. मी ठाम नाही म्हटलं. आमचा बेदाणा एरवी ड्रायफ्रूटमध्ये असतो, दिवाळीला गिफ्ट बॉक्समध्येही जातो, उद्या कॅटेगरीची नावं बदलली की छापलेल्या लिंकेचं काय? प्रॉडक्ट हा शब्द आणि पुढे मालाचं नाव, एवढंच ठेवलं. ही सेटिंग वर्डप्रेसच्या सेटिंग्जमध्ये पर्मालिंकच्या पानावर मिळते, ती माल भरायच्या आधीच बघा.

तिथेच अजून एक बघा. लेखांच्या लिंकमध्ये वर्ष-महिना-तारीख आपोआप येते. सांगलीच्या हळदीला 2018 मध्ये जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालं, बेदाण्याला त्याआधी 2016 मध्ये, त्याची माहिती आम्ही एका लेखात दिलीये आणि तीच लिंक गिऱ्हाइकांना कायम पाठवतो, तिला तारीख कशाला? "पोस्ट नेम" निवडा, तारीख जाते.

जुन्या साईटच्या लिंका हा वेगळाच ताप. तिथे पीएचपी, प्रश्नचिन्ह आणि आयडी नंबर असला प्रकार होता. एजन्सीने सगळ्या जुन्या लिंका सरसकट होमपेजवर वळवल्या, म्हणजे बेदाणा शोधत आलेला माणूस होमपेजवर येऊन उभा. गूगलही असल्या सरसकट वळवण्याला बहुतेक वेळा "पान सापडलं नाही" असंच धरतं. मी एक्सेलमध्ये दोन कॉलम करून दिले, डावीकडे जुनी लिंक, उजवीकडे तिची नवीन, आणि तशीच 301 (पान कायमचं दुसरीकडे गेलंय असं सांगून वळवणं) लावून घेतली. जुन्या लिंका सर्च कन्सोलमधून (आपली साईट गूगलवर कशी दिसते ते दाखवणारं गूगलचं टूल) मिळतात, शिवाय व्हॉट्सॲप कॅटलॉग आणि गूगल बिझनेस प्रोफाइलमध्ये टाकलेल्या असतात त्याही बघा. हे वळवणं किमान वर्षभर ठेवा असं गूगल सांगतं, मी तर म्हणेन काढूच नका, जुना पाऊच कुणाच्या डब्यात किती वर्षं राहील सांगता येत नाही.

आणि हो, स्पेलिंग. हळदीचं इंग्रजी अक्षरांत चार जण चार तऱ्हेने लिहितात, घरात एक ठरवा आणि सगळीकडे तेच ठेवा. दिवाळी ऑफरच्या पानाच्या लिंकमध्ये वर्ष घालू नका, दरवर्षी तेच पान वापरता येतं. एजन्सीला ॲडव्हान्स द्यायच्या आधी लिंकांची यादी कागदावर करून त्यांच्याकडून ओके करून घ्या, आणि शॉप मॅनेजरचा लॉगिन पहिल्याच दिवशी मागा.